एशबोय-अका दारात उभे राहिले

एशबोय-अका, म्हणजे आमच्या बोलीत एशबोयदादा, रोज दुपारी जेवायला येत. बशीकडं बघून पहिलं वाक्य ठरलेलं.

"गाजरं जाड कापलीस, उल्मास."

"गाजरं तीच आहेत अका, तुमचे दात कमी झालेत."

"दात होते तेव्हाही मी हेच म्हणालो असतो."

"तेव्हा तुमची बायको कापत होती. तिला म्हणाला असतात का?"

"तिच्या हातात सुरी असायची," ते म्हणत, आणि खिडकीजवळच्या टेबलाकडं निघून जात.

एवढंच बोलणं. मग ते नान दोन्ही हातांनी मोडत, तुकडे समोर मांडत आणि बाहेरच्या ट्रकांकडं बघत जेवत. जेवण झालं की तळवे तोंडावरून फिरवून उठत. उरलेली नान रुमालात बांधून नेत. शेजारच्या डिझेल पंपामागं त्यांच्या मुलानं, काबिलनं, भाड्यानं घेतलेलं पत्र्याचं घर होतं. तिथं ते एकटे राहायचे.

आमचं हॉटेल केल्टन गावाबाहेर, हायवेवरून उतरलं की डिझेलचा पंप आणि टायरचं दुकान यांच्या मधे. माझ्या बहिणीच्या मुलानं, दिलमुरोदनं, ते एका बर्गरवाल्याकडून घेतलं. जमिनीला जखडलेल्या लाल खुर्च्या त्या बर्गरवाल्याच्याच. दिलमुरोदनं मागं तंदूर घातला, पाटीवर मेंढीचं मटण, नान आणि चहा एवढंच लिहिलं आणि मला बोलावून घेतलं. गावातले लोक आधी आम्हाला तुर्की समजत, मग रशियन समजायला लागले, मग समजून घ्यायचा नाद सोडून मटण भरलेले सामसे खायला लागले.

खरं गिऱ्हाईक आमचंच. शिकागोहून पश्चिमेला माल नेणारी आमच्या देशातली पोरं. कुणी उरगुतचा, कुणी कित्ताबचा, कुणी फरगान्याचा. पोरं म्हणते, पण त्यांच्या दाढ्या पांढऱ्या व्हायला लागलेल्या. एकेकटी यायची, फोन चहाच्या किटलीला टेकवून बायकोचं तोंड बघत जेवायची. ओश ही एका परातीतून चौघांनी मिळून खायची गोष्ट. भात, मटण, गाजर, मधे लसणाचा गड्डा, आणि चारी बाजूंनी चार हात. इथं मी ती एकेकाला बशीत वाढायची. गावाकडं अशी बशीत वाढलेली ओश फक्त आजाऱ्याच्या उशाशी जाते.

पानगळीच्या दिवसांत एका गुरुवारी एशबोय-अका आले ते टेबलाकडं गेले नाहीत. काउंटरशी उभे राहिले. गाजरांचं नाव काढलं नाही.

"उल्मास, थोडं तेल तापव. चार गोळे तळ."

गुरुवारी तेल तापवून कणकेचे गोळे तळतात ते गेलेल्यांसाठी. तेलाचा वास त्यांना पोचतो आणि घरात आपली आठवण आहे हे त्यांना कळतं. म्हणून मी कशाला असं विचारलं नाही.

"कोण?"

"नोरकुल."

नोरकुल म्हणजे त्यांचा धाकटा भाऊ. मी त्याला कधी पाहिलं नव्हतं. त्यांच्या बोलण्यातून मला तो एवढाच माहीत होता की मेंढ्या राखतो, मोठ्यानं हसतो आणि एका बैठकीत अख्खं कलिंगड संपवतो. मी तेल तापवलं, गोळे तळले. अका कढईजवळ उभे राहिले. पंखा लावायला गेलेल्या दिलमुरोदला मी हातानंच थांबवलं. सगळ्या हॉटेलात धूर झाला. टायरवाला टॉम दारातून डोकावून गेला, काही जळतंय का म्हणून.

आमच्याकडं घरातलं कुणी गेलं की भाऊ, मुलगे, पुतणे चापान घालतात. रुई भरलेला लांब अंगरखा असतो तो. त्यावर कमरेला रुमाल बांधतात, डोक्यावर टोपी, हातात काठी, आणि घराच्या दारात रांगेनं उभे राहतात. गावचा माणूस येतो, तळवे वर करतो, गेलेल्यासाठी फातिहा म्हणतो, आत जाऊन बसतो, दोन घास खातो. उभं राहणाऱ्यानं काही करायचं नसतं, बोलायचंही नसतं. फक्त उभं राहायचं. पण जो उभा राहिला नाही, त्याचं माणूस पुरलं जात नाही असं जुने लोक म्हणत. मातीत जातं, मनात नाही.

एशबोय-अकांना जाता आलं नव्हतं. त्यांचे कागद सरकारी कचेरीत अडकलेले. देशाबाहेर पाऊल टाकलं की परत येता येणार नाही.

दिलमुरोद हळहळला. म्हणाला, "अका, ट्रकवाल्यांच्या ग्रुपवर टाकतो. शुक्रवारी मोठी कढई चढवू. पोरं येतील, फातिहा देतील. तुम्ही इथं आपल्या दारात उभे राहा."

"आपल्या म्हणजे कुणाच्या?"

"आपल्याच की. हे काय परकं आहे?"

"इथं मी रोज जेवून पैसे देतो, दिलमुरोद. जिथं पैसे देतो ते माझं दार नव्हे." मग जरा थांबून म्हणाले, "आणि ग्रुपवर काबिल आहे."

खरी गोष्ट ती होती. वाटेवरच्या माणसाला मरणाची बातमी सांगत नाहीत. आपल्याकडं हे लहान लेकरालाही माहीत. घोड्यावरचा माणूस असो की ट्रकवरचा, ज्याच्या हाती लगाम आहे त्याच्या मनावर असला दगड टाकत नाहीत. घरी पोचला, बसला, पाणी प्यायला, की मग सांगतात. काबिल तर सदाच वाटेवर. त्यातून नोरकुल त्याचा नुसता काका नव्हता. एशबोय-अका रशियात विटा रचायला गेले ते वर्षानुवर्षं तिकडंच होते. त्या काळात काबिलला खांद्यावर घेऊन बाजार दाखवणारा, त्याची सुंता करवणारा, त्याला गाडी शिकवणारा नोरकुलच.

"घरी येईल तेव्हा सांगेन," अका म्हणाले. "तोवर तुम्ही दोघंही तोंड मिटून राहा."

काबिल पंधरा-वीस दिवसांनी आला. उंच, खांद्यात वाकलेला, सारखा बसून बसून पाठ गेलेला. बापलेक खिडकीपाशी बसले. मी दोघांना एकाच परातीत ओश नेऊन ठेवली. त्या दिवशी तरी बशी नको म्हटलं.

"मावशी, यात मेंढी आहे की नुसती चालून गेलीय?" काबिल म्हणाला.

"तुझ्या बाजूनं चालून गेली. बाबांच्या बाजूला बसलीय."

तो हसला. अकांनी आपल्या पुढचं मटण बोटांनी त्याच्याकडं सरकवलं. काबिलनं परत त्यांच्याकडं. असं दोन-तीनदा झालं. मग काबिल म्हणाला, "काकांना फोन लागत नाही, बाबा. आई म्हणते, डोंगरात गेलेत."

मी सामश्यांचा ट्रे पुसत होते. पुसलेलाच ट्रे पुन्हा पुसायला घेतला.

"हां," अका म्हणाले. "मेंढ्या घेऊन गेलाय. वरती कुठं लागतोय फोन."

"एवढ्या थंडीत वर?"

"तुझा काका कुणाचं ऐकतो का? जेव तू."

काबिल जेवला, बापाच्या पलंगावर चार तास झोपला आणि ओरेगॉनकडं निघून गेला. अकांनी काही सांगितलं नाही. संध्याकाळी मी विचारलं तर म्हणाले, "तो घरी कुठं आला होता? तो थांबला होता." त्यानंतर काबिल आणखी दोनदा थांबून गेला. दोन्ही वेळा काकाची विचारपूस झाली. दोन्ही वेळा काका डोंगरातच होता. उरगुतला त्याची आई, बायको, बहीण सगळ्यांनीच फोनवर डोंगर धरून ठेवला होता.

एशबोय-अका मात्र हळूहळू आटत गेले. गाजरांवरून बोलणं बंद झालं. मी मुद्दाम बोटाएवढी जाड गाजरं कापून पाहिली. मुकाट्यानं खाल्ली त्यांनी.

मग ते वादळ आलं. केल्टनला वारा असा की झाडं लहानपणापासूनच वाकून वाढतात. त्या दिवशी सकाळीच आभाळ खाली उतरलं आणि बर्फ आडवा यायला लागला. रस्ता बंद म्हणून हायवेच्या तोंडाशी लाल दिवे लावून दांडे आडवे टाकले. पुढं जाणारा एकेक ट्रक हायवेवरून आमच्याकडं येणाऱ्या उतारावर येऊन थांबू लागला. दुपारपर्यंत पंपापासून टायरच्या दुकानापर्यंत ट्रकच ट्रक उभे होते, आणि त्यात निम्मे आमचे. मी मोठी कढई चढवली.

एशबोय-अका अशा दिवशी आले नाहीत तर बरं, असं मनात येतंय तोवर ते बर्फातून चालत येताना दिसले. त्यांच्या जाकिटाची चेन तुटलेली. म्हणून त्यांनी पेटीतला चापान काढून घातला होता. वाऱ्यानं पदर उडू नयेत म्हणून कमरेला रुमाल आवळून बांधला होता. कानांवर ओढलेली टोपी. निसरड्यात आधाराला काठी. दारात आले आणि तिथंच थांबले, बुटांवरचा बर्फ काठीनं खरवडायला. आत ओला चिखल आणलेला मला चालत नाही हे त्यांना माहीत होतं.

त्याच वेळी तीन ड्रायव्हर आपल्या ट्रकांतून उतरून हॉटेलकडं धावत येत होते. पुढं झोइर होता. मोठा बडबड्या, आत येण्याआधी बाहेरूनच ऑर्डर ओरडणारा. तो तोंड उघडणार एवढ्यात त्याचं लक्ष दाराकडं गेलं आणि तो जागच्या जागी थांबला. मागचे दोघं त्याच्यावर आदळले. त्यांनीही पाहिलं.

मी काचेतून बघत होते. त्यांना काय दिसलं ते मलाही तेव्हाच दिसलं. चापान, कमरेला रुमाल, टोपी, काठी, आणि दारात उभा म्हातारा.

तिघांनी खिशातून हात काढले. धावणं सोडून चालत आले, एकामागं एक. झोइरनं दोन्ही हातांत अकांचा हात घेतला.

"अल्लाहची मर्जी, अका. माणसाच्या हातात काय आहे?"

तळवे वर झाले. त्यातला एक जण चांगलं पठण करणारा होता. बर्फ त्याच्या उघड्या तळव्यांवर साचत होता आणि तो म्हणत होता. अका आधी गोंधळले. त्यांनी माझ्याकडं पाहिलं, काचेतून. मला वाटलं, आता म्हणतील, अरे पोरांनो, माझी चेन तुटलीय. तसं म्हणाले असते तर सगळे हसले असते आणि झोइरनं तो किस्सा कॅलिफोर्नियापर्यंत नेला असता.

त्यांनी काठी काखेत धरली आणि तेही तळवे वर करून उभे राहिले.

"कोण गेलं, अका?" पठण झाल्यावर झोइरनं हळू विचारलं.

अकांनी टोपीवरचा बर्फ झाडला.

"भाऊ," ते म्हणाले. "माझा भाऊ."

कधी, हे कुणी विचारलं नाही. ते विचारत नाहीत. तिघं आत येऊन बसले. झोइर माझ्याकडं आला आणि पहिल्यांदाच दबक्या आवाजात म्हणाला, "मावशी, आम्हाला सांगायचं नाही का? बशीत नको वाढू आज."

मी परात काढली.

पाठोपाठ दुसरे आले. मग तिसरे. कुणालाच काही सांगावं लागलं नाही. ट्रकचं दार उघडून खाली उतरायचे, हॉटेलच्या दाराकडं पाहायचे आणि चाल बदलायची. दिलमुरोदला मी खुणावलं. त्यानं अॅप्रन काढला, बाहेर जाऊन फातिहा दिला आणि अकांच्या शेजारी जरा मागं उभा राहिला, घरचा माणूस उभा राहतो तसा. आत लाल खुर्च्यांवर माणसं चौघं-चौघं एका परातीभोवती बसली होती. फोन खिशात होते. टॉम दुपारच्या कॉफीला आला आणि सगळं इतकं शांत बघून कॉफी घेऊन परत गेला.

मला बरं वाटत होतं आणि भीतीही वाटत होती. अका दारात असे ताठ उभे होते की पानगळीपासून मी त्यांना तसं पाहिलंच नव्हतं.

मग फोन वाजला. हॉटेलचा. काबिल होता.

"मावशी," तो म्हणाला, आणि त्याच्या आवाजावरूनच मला कळलं. "मावशी, आई गेली का?"

"काय बोलतोस हे?"

"झोइरनं ग्रुपवर टाकलंय. एशबोय-अका केल्टनला दारात उभे आहेत, जवळपास असाल तर फातिहा द्या म्हणून. मी वायोमिंगात अडकलोय, इथंही दांडा टाकलाय. घरी फोन करतोय तर कुणी उचलत नाही. सांग ना, आई गेली का?"

"तुझी आई ठणठणीत आहे. माझ्या डोळ्यांची शपथ."

"मग बाबा कुणासाठी उभे आहेत?"

ते सांगायचं काम माझं नव्हतं. मी फोन हातात धरून दाराशी गेले आणि दार उघडलं. वारा आत घुसला. "अका, काबिल आहे," एवढंच म्हटलं.

त्यांनी फोनकडं असं पाहिलं की जणू तो तापलेल्या तंदुरातून काढलाय. मग काठी दिलमुरोदच्या हाती दिली आणि फोन घेतला.

"पोरा, ट्रक उभा आहे का?"

तिकडून काहीतरी.

"इंजिन बंद कर. बंद केलंस? ऐक मग. तुझे काका." त्यांनी फोन दुसऱ्या कानाला लावला. "तुझे काका आता नाहीत."

मला फोनमधला काबिल ऐकू येत नव्हता. अकांचं तोंड दिसत होतं, एवढंच.

"कापूस वेचणीच्या वेळी," ते म्हणाले. आणि मग, "हो. तू आला होतास तेव्हा मला माहीत होतं. हो. तेव्हाही." मग बराच वेळ ऐकत राहिले. "तू वाटेवर होतास, पोरा," ते म्हणाले. "मी वाट बघत होतो, तू कधी घरी येतोस ती."

त्यांनी फोन कानापासून काढला आणि माझ्याकडं दिला. लाइन बंद झाली होती.

"काय म्हणाला?"

"म्हणाला, मी तीनदा विचारलं. तीनदा तुम्ही त्यांना डोंगरात पाठवलंत."

त्यानंतर ते दारात उभे राहिले नाहीत. आत येऊन आपल्या टेबलाशी बसले. पोरांनी त्यांच्यासाठी जागा केली, परात पुढं सरकवली. ते जेवले नाहीत. झोइर येऊन पायाशी बसला. रडवेला झाला होता.

"अका, मला कुठं माहीत होतं त्याला ठाऊक नाही ते? माझी जीभ छाटा."

"तुझी जीभ छाटली तर हायवे मुका होईल," अका म्हणाले. "ऊठ. तुझी काही चूक नाही. माझ्या जाकिटाची चेन तुटली होती."

झोइरला ते समजलं नाही. तो त्यांचा गुडघा धरून बसून राहिला.

दुसऱ्या दिवशी आभाळ निळंशार झालं आणि दांडे उचलले. एकेक करून ट्रक निघाले. जाताना प्रत्येकानं पत्र्याच्या घराकडं बघून हॉर्न दिला, हळू. मग सगळं मैदान रिकामं झालं. बर्फावर चाकांचे काळे पट्टे तेवढे उरले. दिलमुरोद कागदी कप गोळा करत फिरत होता.

मी गाजरं कापायला घेतली आणि वर पाहिलं तर एशबोय-अका दारात उभे होते. चापान, टोपी, काठी. कमरेचा रुमाल या वेळी नीट, घडी घालून बांधलेला. हवा गार होती पण वारा पडला होता. चापानाची गरज नव्हती.

मी दार उघडलं. "अका, आत या. कुणी नाही आता. सगळे गेले."

"एक यायचाय."

"त्यानं येतो म्हणून सांगितलंय?"

"नाही."

"मग आत बसून वाट बघा. काचेतून दिसेल."

"उल्मास," ते म्हणाले, "तू तुझी गाजरं काप."

मी चहा नेऊन दिला, त्यांनी उभ्यानंच प्यायला. दिलमुरोदनं खुर्ची नेली तर त्याला परत पाठवलं. पंपावर गाड्या येत होत्या. एक बाई पोरांना घेऊन सामसे न्यायला आली, अकांकडं बघून हसली, त्यांनी मान लववली. दुपार कलायला लागली. मला वाटलं, तो आलाच नाही तर? वायोमिंगहून निघून तो आमच्या उताराला न उतरता सरळ पुढं गेला तर? बापाला सोडून जाणारा मुलगा नव्हता तो. पण रागात माणूस एक उतार चुकवतो, मग पुढचा, आणि मग लाज वाटून आणखी पुढं जातो. मी अशी माणसं पाहिली आहेत.

मग निळा ट्रक उताराला लागला. हळू आला, लांब थांबला, अगदी मैदानाच्या टोकाला. बराच वेळ दार उघडलं नाही. अका हलले नाहीत. हाक नाही, हात नाही.

काबिल उतरला. ट्रकच्या बाजूच्या पेटीतून काहीतरी काढू लागला. चालत जवळ आला तेव्हा दिसलं. त्यानं कंपनीच्या चकचकीत जाकिटावर कमरेला माल बांधायचा पिवळा पट्टा बांधला होता. त्याच्याकडं दुसरं काय असणार? डोक्यावर टोपी होती, ट्रकमधे नमाजासाठी ठेवलेली.

मला वाटलं, तो बापाच्या गळ्यात पडेल. किंवा ओरडेल. तो सरळ आला, अकांकडं पाहिलं नाही, आणि त्यांच्या डाव्या बाजूला, एक पाऊल मागं, धाकट्यानं उभं राहायच्या जागी उभा राहिला. दोन्ही हात पोटावर धरले. मान खाली.

दोघं उभे राहिले. समोर रिकामं मैदान. कुणी येणार नव्हतं.

दिलमुरोद काउंटरमागून बघत होता. त्यानं अॅप्रन सोडायला हात मागं नेला आणि थांबला. "मावशी, मी काल दिला फातिहा," तो म्हणाला. "पुन्हा चालतो का?"

"काल तू अकांना दिलास. याला कुणी दिलाय?"

तो मागच्या दारानं निघाला, तंदुराला वळसा घालून पुढून येण्यासाठी. मी एकटी राहिले, मोकळ्या हॉटेलात, हातात सुरी.

आणि तेव्हा मला कळलं की काल सबंध दिवस काय कमी होतं. एवढी माणसं आली, बसली, जेवली, तरी ते मला घर का वाटलं नव्हतं. मरणाच्या घरी दारात पुरुष गप्प उभे असतात ते आतून बायकांचा आवाज येत असतो म्हणून. तो आवाज रस्त्यापर्यंत ऐकू येतो आणि येणाऱ्याला सांगतो की हे दार कुणाचं आहे. आत कुणी रडत नसेल तर बाहेर उभी असलेली माणसं नुसती उभी असतात, बसची वाट बघत असल्यासारखी.

केल्टनमधे आमच्यातली बाई एकच, मी.

मी सुरी खाली ठेवली. डोक्यावरचा रुमाल सोडून रडणाऱ्या बायका बांधतात तसा कमरेला बांधला. हाक मारून रडायला आधी नातं ठरवावं लागतं. नोरकुलला मी पाहिलेलं नव्हतं. अका माझ्याहून मोठे, हा त्यांच्याहून लहान. माझ्याच वयाचा असावा.

"भावा रे," मी म्हटलं. आवाज अगदीच बारीक निघाला. लाज वाटली. खिडकीच्या काचेत माझंच तोंड दिसत होतं. मी डोळे मिटले.

"भावा रे माझ्या! मेंढ्या वाट बघतात रे! डोंगरावरून उतरला नाहीस! पोराला खांद्यावर घेतलंस, तुला खांदा द्यायला पोर नव्हतं रे!"

तिथून पुढं आवाज आपोआप आला. शब्द कुठून आले मला ठाऊक नाही, काही माझ्या आईचे होते. लाल खुर्च्यांवरून, रिकाम्या टेबलांवरून तो आवाज फिरून परत माझ्यापाशी येत होता. एकटीनं रडणं फार कठीण. गावाकडं एक थकली की दुसरी उचलते. इथं श्वास घ्यायला थांबले की मागं फ्रीजची घरघर.

मधे एकदा मी डोळे उघडले. दिलमुरोद समोर आला होता, तळवे वर केलेले. काबिलचे खांदे हलत होते. तो तोंड उघडून, लहान पोरासारखा, आवाज करून रडत होता. एशबोय-अका त्याच्याकडं वळले नाहीत. वळायचं नसतं. त्यांनी फक्त काठी उजव्या हातातून डाव्या हातात घेतली आणि ती दोघांच्या मधे टेकवली, जरा त्याच्या बाजूला. काबिलनं ती वरून धरली.

मी पुन्हा डोळे मिटले आणि नोरकुलला हाक मारली.